शॉकअपचा बुश

नेरला मामांकडे मी अकरावी-बारावीची दोन वर्षं राहिले. त्या दिवसांचा विषय निघाला की मुलगी विचारते, मामीआजी काय काय करून घालायची, मामाआजोबांचं दुकान कसं होतं, आणि मी सांगते. सायकलीचं मात्र आजवर धड कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला एकदा सांगायला बसले, तर तो मध्येच म्हणाला, "मग तू मेकॅनिक का नाही झालीस?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत सुटला. म्हणून इथे लिहिते. इथे मध्ये बोलायला कुणी नाही.

आमचं गाव बोरी अरबच्या पलीकडे, कच्च्या रस्त्याचं. दहावीनंतर मुलीने शिकायचं तर एसटीच्या भरवशावर, आणि मला सायन्स घ्यायचं होतं. मामा आईचे थोरले भाऊ. नेरला मुख्य रस्त्यावर त्यांचं बी-बियाणं, खतं, फवारणीच्या पंपांचं दुकान होतं. ते स्वतः आमच्या अंगणात येऊन बाबांना म्हणाले, "पोरगी मह्याकडे ठेवा, जवाई. माही जिम्मेदारी." त्या एका शब्दाचा बाबांना किती आधार वाटला ते मी पाहिलं. पुढची दोन वर्षं तोच शब्द माझ्या उशाशी झोपायचा आणि सकाळी माझ्या आधी उठायचा. मामा वाईट नव्हते. मला वह्या-पुस्तकांना कधी नाही म्हटलं नाही, आजारी पडले तर दुकान टाकून डॉक्टरकडे नेलं. पण दुसऱ्याची मुलगी सांभाळणं म्हणजे तिला कुठे जाऊ न देणं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. गल्लीचं तोंड कायम उखडलेलं, गिट्टी वर आलेली. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी मामीचं शिलाई मशीन. ब्लाऊज, परकर, साड्यांना फॉल, सगळं ती तिथे बसून करायची, आणि बाया कापड घेऊन तिच्याकडे यायच्या. भाजीवाला दारावर यायचा, बांगडीवाली दारावर यायची. मामी बाहेर जायची ती लग्नाकार्याला आणि वर्षातून एकदा कळंबच्या चिंतामणीला, तेही मामांच्या सोबत, जीप करून. खिडकीला जाळी होती आणि जाळीवर पडदा. त्यामुळे मामीला गल्ली दिसायची नाही, ऐकू यायची. कुणाची स्कूटर आली, कुणाच्या शेळ्या परतल्या, जिनिंगचा भोंगा झाला, मशिदीत अजान झाली, यवतमाळची शेवटून दुसरी गाडी लागली, हे सगळं ती पायाने मशीन चालवता चालवता मला सांगायची. मला तिची गंमत वाटायची. आपणही त्या आवाजांतच मोजले जाणार आहोत हे कळायला महिनाभर लागला.

सायकल मुळात प्रशांतदादाची, म्हणजे मामांच्या एकुलत्या मुलाची. लाल रंगाची, जाड टायरची, सीटखाली पिवळ्या स्प्रिंगचा मोठा शॉकअप. अशा सायकली नेरला नुकत्याच दिसू लागल्या तेव्हा त्याने हट्ट करून ती घेतली, गावभर मिरवली, आणि मोटरसायकल मिळाल्यावर मागच्या अंगणात तुराट्यांच्या ढिगाला टेकवून दिली. ऊन-पाण्यात वर्षभर पडलेली ती सायकल मामांनी माझ्यासाठी पुसून काढली. मला ती फार आवडली. पण तिला एक खोड होती. जरा खड्डा आला की मागून आवाज यायचा, 'खट'. गिट्टीवरून गेली की खट-खट-खटाक, कुणी रिकाम्या डब्यावर हातोडी मारल्यासारखा. बसस्टँडवरची पोरं मला पाहून तोंडाने तसा आवाज काढायची. मी मान खाली घालून जायची आणि त्यांचं कधी ना कधी वाटोळं होवो असं मनात म्हणायची.

मामीला मात्र तो आवाज फार सोयीचा पडला. गल्लीच्या तोंडाशी खटाक झालं की ती मशीन थांबवून उठायची, चहाचं आधण ठेवायची, आणि मी सायकल आत घेईपर्यंत कप भरलेला असायचा. थंडीत त्यासोबत उकडलेल्या तुरीच्या शेंगा, मीठ घालून. खोटं कशाला बोलू, तो चहा मला हवाहवासा वाटायचा. पण मामा दुकान बंद करून आले की पाय धुता धुता विचारायचे, "आज पोट्टी कधी वाजली?" मी कधी आले असं नाही, कधी वाजली. मग मामी सांगायची, चारची अमरावती गाडी सुटल्यावर, किंवा शेळ्या यायच्या आधी. उशीर झाला असला तर मामा माझ्याकडे बघायचे आणि मला सरांनी थांबवलं होतं, चेन पडली होती, असं काहीतरी सांगावं लागायचं. ते खरंच असायचं, तरी सांगताना माझा चेहरा चोराचा व्हायचा. कॉलेज, घर, शिकवणी, घर. सगळं जिथल्या तिथे असूनही मला रोज रात्री वाटायचं की कुणीतरी माझ्या छातीवर गहू दळायला बसलंय.

आवाज बंद करायचं पहिल्यांदा डोक्यात आलं ते त्या बसस्टँडवरच्या पोरांमुळे, दुसऱ्या कुठल्याच विचाराने नाही. मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बोल्ट कस." मामा म्हणाले, "कसून घे सलीमकडून." सलीमभाईचं दुकान कापूस मार्केटच्या फाटकाशी. त्याने सायकल उलटी केली, पान्यावर चक्क पाय ठेवून बोल्ट आवळला आणि म्हणाला, "जा बेटा, आता काही वाजत नाही." दोन दिवस खरंच वाजली नाही. पण शॉकअप असा गच्च झाला की खड्ड्यात पाठीचा मणका हलायचा. मग आवाज परत आला, आधीपेक्षा जोरात. मी पुन्हा गेले. सलीमभाईने पुन्हा आवळला. "इतकं ढिलं कसं होते तुह्यं?" असं मलाच विचारलं, जसं काही मी वाटेत बसून ते सैल करते. आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध. वाजतंय, आवळा. गळतंय, आवळा. पोरगी मोठी झाली, आवळा.

दिवाळीच्या आधी घराची झाडझूड चालली होती तेव्हा मी मागच्या अंगणात सायकल धुवायला काढली. मागचं चाक धुवावं म्हणून सीटला धरून उचलायला गेले, तर सीट आधी वर आली आणि चाक किंचित उशिराने. मध्ये हाताला एक बारीकसा ठोका लागला. मी खाली ठेवली, पुन्हा उचलली. पुन्हा तोच ठोका. जोरात चालवताना जो खटाक ऐकू यायचा त्याचंच हे छोटं पिल्लू होतं. मग मी एका हाताने सीट हळूहळू वरखाली करत दुसऱ्या हाताचं बोट एकेका जोडावर ठेवून पाहिलं. चाकाच्या आसाशी काही नाही. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या सांध्याशी काही नाही. शॉकअपच्या वरच्या बोल्टशी काही नाही. खालच्या बोल्टशी बोट ठेवलं आणि तिथे बोटाखाली लोखंड सरकलं. अगदी जरासं, पण सरकलं.  सगळ्यांनी इतके दिवस आवळायलाच सांगितलं, आणि दुखणं इथे बसलेलं होतं.

मामांच्या पेटीतले पाने आणून मी तो बोल्ट काढला. शॉकअपच्या खालच्या टोकाला लोखंडी कडी असते, ती चिमट्याच्या दोन कानांच्या मध्ये बसते, आणि कान, कडी, कान असा आरपार बोल्ट जातो. कडीच्या आत बोल्टभोवती एक छोटी नळी असते. तिला बुश म्हणतात. माझ्या कडीत बुशाचा एक कुजका तुकडा तेवढा उरला होता, बाकीचा केव्हाच झडून गेलेला. बोल्टला मधोमध खाच पडली होती. बुशच नाही म्हटल्यावर बोल्ट कितीही आवळा, बाहेरचे कान आत दबणार, कडी आतल्या आत नाचायची ती नाचतच राहणार. सलीमभाईच्या आवळण्याने कानांचा रंग तडकला होता, आणखी दोन-चार वेळा आवळलं असतं तर पत्राही तडकला असता.

आधी मी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बघितली. ती दोन दिवसांत काळा भुगा होऊन बाहेर आली. मग तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला, तर खटखट गेली आणि कुईकुई आली. मामी खिडकीतून म्हणाली, "आता हे काय नवीन? उंदीर धरला काय व?" तिसऱ्यांदा मला ठिबक सिंचनाची नळी सुचली. दुकानात उरलेले नळीचे तुकडे मामा घरी आणायचे आणि मामी त्यांतून तार ओवून कपडे वाळत घालायला बांधायची, म्हणजे कपड्यांना गंज लागत नाही. बारीक नळीतला एक तुकडा कडीत घालून पाहिला, बाहेरून बेताचा बसला. आतून बोल्टला घट्ट होता, म्हणून चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात नळी मऊ केली आणि गरम असतानाच बोल्टवर चढवली. पातेल्याला वास लागला म्हणून मामीने मला चांगलंच झाडलं. पहिला तुकडा आखूड झाला, कडी आडवी हलायची. दुसरा लांब झाला, कान मिटेनात. तो मी न्हाणीतल्या दगडावर घासत, बसवून बघत, पुन्हा काढून घासत दुपारभर बसले. जुन्या बोल्टाऐवजी डवऱ्याच्या, म्हणजे कोळप्याच्या, बोल्टांच्या डब्यातला एक नवा मामांकडून मागून घेतला. शेवटी मामीच म्हणाली, "थांब, तेल घाल त्यात," आणि मशीनच्या तेलाची कुपी आणून स्वतःच्या हाताने थेंब सोडले.

संध्याकाळी मी गल्लीत चक्कर मारली. गिट्टीवरून गेले. फक्त टायरखाली खडे चुरडल्याचा आवाज. मागून काही नाही. शॉकअप खाली बसत होता, वर येत होता, अगदी निमूट. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले आणि पुन्हा गेले. आयुष्यात नंतर मी बऱ्याच गोष्टी शिकले, पदवी घेतली, नोकरीत शाबासक्याही मिळाल्या. पण त्या संध्याकाळी झाला तसा आनंद मला पुन्हा फार वेळा झालेला नाही.

सायकल लावून मी पुढच्या खोलीत आले तेव्हा मामी पाठमोरी शिवत होती. "मामी," म्हटलं, तर ती अशी दचकली की शिवण वाकडी गेली. "माय व! कधी आली तू?" तिने छातीवर हात ठेवला. मी हसले. ती हसली नाही. मला तेव्हा वाटलं, वाकड्या शिवणीचा राग आला असेल.

त्यानंतर घरात काहीतरी बिनसलं. मी कॉलेजातून आले की चहा कधी झालेला नसायचा, कधी होऊन थंड पडलेला. मामी मशीनवरून उठून दाराशी जायची, परत बसायची. मामांनी विचारलं, "कधी वाजली?" तर ती म्हणाली, "आता कुठं वाजते ते? आली, येवढं खरं." मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगलं केलं, बुश बसवला," आणि दादाला टोमणा मारला की तुला हे जमलं नसतं. मला वाटलं, विषय संपला.

मग एके दिवशी शिकवणीचे सर गावाला गेल्याचं दारावरच कळलं. सायकल वळवून घरी निघाले आणि चौकात ब्रेक दाबून उभी राहिले. डावीकडे घर. समोर जिनिंगचा रस्ता. मी परत आले हे घरात कधी कळणार, तर मी दारात उभी राहीन तेव्हा. तोवर हा तास कुणाचाच नव्हता. हे सुचलं आणि मी ब्रेक सोडला. मी सरळ निघाले. जिनिंगपुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, हवेत रुईचे बारीक तंतू उडत होते. पुढे वस्ती संपली, सोयाबीन निघालेली काळी वावरं लागली, आणि त्यांच्यापुढे पाझर तलाव. पाळीवर एक उघड्यावरचा साधा महादेव, त्याच्या बाजूला पळस. मी सायकल आडवी टाकली आणि बसले.

तिथे मी काय करायची, हे मला तेव्हाही विचारलं गेलं आणि मला सांगता आलं नाही. आजही नीट सांगता येत नाही. बसायची. पाण्यात पाणकोंबड्या असायच्या. पलीकडच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, कुणी बैल घेऊन जायचं. मी चप्पल काढून पाय लांब करायची, पदरासारखी छातीवर घट्ट घेतलेली ओढणी सोडून द्यायची. कुणी बघत नाही, ऐकत नाही, माझी वाट बघत नाही. दुसरं काही नाही. पण ते मिळाल्यावर मला कळलं की मी किती महिने अर्धाच श्वास घेत होते. नंतर जेव्हा जेव्हा शिकवणी लवकर सुटली, तेव्हा तेव्हा मी गेले. माझी मुलगी आता तिच्या खोलीचं दार लावून घेते आणि मी बाहेरून हाक मारायला जाते, तेव्हा मला ती पाळ आठवते. कधी कधी मी हाक न मारता परत फिरते. कधी कधी मारते. आई झाल्यावर माणूस मामा होतोच थोडा.

कुणीतरी बघणार होतंच. दुकानात बियाणं घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने मामांना सहज म्हणून सांगितलं की तुमची लाल सायकल आज तळ्यावर पडलेली होती आणि पोरगी पळसाखाली बसलेली होती. मामा त्या दिवशी दिवस मावळायच्या आतच घरी आले. आरडाओरडा केला नाही. पाय धुतले, टॉवेलने पुसले, दिवाणावर बसले. मामी मशीनवर होती. मला समोर उभं केलं.

"तळ्यावर कायले गेलती?"

"अशीच."

"कोण होतं तथी?"

"कोणीच नव्हतं, मामा."

"कोणी नव्हतं, तं तथी कायले जाते माणूस?"

 माझं उत्तर उत्तरासारखं दिसत नव्हतं. मी म्हणाले, "बसाले." मामांनी मान हलवली. त्यांना राग आला नव्हता, ते घाबरले होते, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की मी खरं बोलतेय आणि त्या खऱ्याचा काही उपयोग नाही. एखाद्या मुलाचं नाव घेतलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. खोलीला दोन दारं होती आणि दोन्ही उघडी होती, तरी मला बाहेर जायला वाट दिसत नव्हती.

"उद्या जवाईले फोन करतो," मामा म्हणाले. "येऊन घेऊन जा म्हणतो. माह्यानं हे जमत नाही. बोरीच्या मावशीनं सांगतलेलं स्थळ अजून तसंच हाय. पाहून घेतीन ते."

त्या स्थळाचं मला ठाऊक होतं. कॉलेज गेलं.  मी आईचं नाव घेतलं, बारावीपर्यंत तरी राहू द्या म्हणाले, पाया पडायला वाकले, तर मामांनी पाय मागे घेतले.

मशीन चालूच होतं. मामीने चाक हाताने थांबवलं, दोरा दाताने तोडला, आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "मी धाडलं होतं तिले."

मामा वळले. "तू? कायले?"

"तळ्यावरच्या महादेवाले नवस बोलली मी. प्रशांतच्या नोकरीसाठी. कुवारीण पोरीनं दिवा लावाचा होता, सोमवारी."

"मंग सांगाचं नाही?"

"नवस सांगतला की फळते काय?"

त्या दिवशी सोमवार होता. मला भान नव्हतं, मामीला होतं. मामांनी टॉवेलची घडी करून बाजूला ठेवली. नवसावर प्रश्न विचारायचा नसतो, त्यातून मुलाच्या नोकरीचा नवस, आणि दादाने नुकतीच कुठल्याशा भरतीची परीक्षा दिलेली. शेवटी ते म्हणाले, "झाला ना आता? मंग आता जाणं बंद. पोरीच्या जातीनं एकटं जाऊ नाही. राहिला असंल तं मी घेऊन जाईन." आणि उठून पुन्हा दुकानात गेले. फोन झाला नाही.

मी स्वयंपाकघरात मामीच्या मागे गेले. तिने परातीत ज्वारीचं पीठ घेतलं होतं आणि पाणी न घालताच कालवत होती. मी तिला मिठी मारायला गेले, तर तिने कोपराने मला दूर केलं.

"मामी, खरंच कोणी नाही वं. मी एकटीच…"

"मले सांगू नको!" तिचा आवाज फुटला. "मले ठाऊक नसलेलंच बरं. कोणाचा हाय, काय करते, मले काहीच नको सांगू. देवाचं नाव घेऊन खोटं बोलली म्या. प्रशांतच्या नावानं बोलली. त्याचं काही वाईट झालं तं?"

"पण कोणी असंल तवा ना…"

"आणि ते खटखट परत लाव."

मला आधी समजलंच नाही.

"उद्याच्या उद्या लाव. मले तू कुठं हाय ते ऐकू आलं पाहिजे. नाही तं मी त्यायले सगळं खरं सांगीन." ती रडत होती आणि कोरडं पीठ मळत होती. "मी दिवसभर जीव मुठीत घेऊन बसून राह्यली या घरात. मले नाही झेपत."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी अंगणात बसून बोल्ट काढला. बुश बोल्टसोबतच बाहेर आला. इतके दिवस चालवूनही जवळजवळ तसाच होता, आतून तेलाने चकचकीत झालेला, कुठे चेपला नव्हता, कुठे चिरला नव्हता. मी फार चांगला बुश केला होता. तो मी न्हाणीच्या मोरीत टाकला आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. नुसता बोल्ट घातला, आवळला, आणि गल्लीतून निघाले. खटाक. घराच्या आतून मशीन सुरू झाल्याचं ऐकू आलं. संध्याकाळी परत आले तेव्हा चहा तयार होता. मला त्या चहाचा इतका राग आला की कप भिरकावून द्यावासा वाटला, तरी मी तो सगळा प्यायले, कारण मामी समोर उभी होती आणि तिने आदल्या संध्याकाळपासून काही खाल्लं नव्हतं. खोट्या नवसाचं खरं करायला तिने पुढच्या आठवड्यापासून सोमवारचे कडकडीत उपास धरले. ते तिने पुढे कितीतरी वर्षं सोडले नाहीत.

बारावी होईपर्यंत मी तशीच वाजत गेले आणि वाजत आले. तळ्याकडचा रस्ता चौकातून दिसायचा. मी तिकडे बघायचं बंद केलं. बारावीनंतर अमरावतीला शिकायला गेले, वसतिगृहात राहिले, तिथेही कडक नियम होते पण मला ते नियम खेळातले वाटले. मामांकडे सणावाराला जायची. त्या दिवसाबद्दल मामी आणि मी पुन्हा कधीच बोललो नाही.

मामा गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. मामी यवतमाळला दादाच्या घरी असते. गेल्या संक्रांतीला मी वाण घेऊन गेले होते. दादा-वहिनी कुठल्या कार्यक्रमाला गेले होते. आम्ही दोघी गच्चीवर उन्हात बसून तीळ निवडत होतो. मामी एकदम म्हणाली, "आता तं मामा नाही राह्यले. आता सांग."

"काय सांगू?"

"कोण होता तो? तळ्यावरचा." तिच्या डोळ्यांत चक्क मिश्कीलपणा होता. इतकी वर्षं तिने त्या मुलाला मनात सांभाळलेलं होतं. त्याचा चेहराही ठरवून टाकला असावा. "चांगल्या घरचा होता का? तुह्या वर्गातला?"

क्षणभर मला वाटलं, द्यावं एखादं नाव. तिने ज्याच्यासाठी देवाचं नाव घेऊन खोटं सांगितलं, त्याला निदान एक नाव असू द्यावं. पण मला ते जमलं नाही.

"कोणी नव्हतं, मामी. तेव्हाही सांगत होती मी. मी एकटी जाऊन बसे."

तिने तिळावरून हात काढला. मी तयारीत होते, ती पुन्हा म्हणेल, जाऊ दे, नको सांगू. पण या वेळी तिचा विश्वास बसला, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"एकटीच?"

"हो."

"आणि काय करे तथी?"

"काही नाही. बसे. पाणी पाहे."

तिने गच्चीच्या कठड्याकडे बघितलं. पदर ओढून डोक्यावर घेतला, पुन्हा खाली सोडला. मग असा आवाज काढून विचारलं, जसा खेळायला न नेलेल्या एखाद्या लहान मुलीचा होतो.

"मंग मले काहून नाही नेलं व?"